पहिला वाचक

उणकलच्या थांब्यावर इंदुमती धारवाडकडं जाणाऱ्या चिगरी नावाच्या जलद बसमध्ये चढली, खिडकीकडची जागा मिळाली, डब्याची पिशवी मांडीवर घेतली आणि रोजच्यासारखा फोन उघडला, तर तिच्या नोंदीला कालपासून आणखी ब्याण्णव मतं पडलेली. ब्याण्णव म्हणजे काही चेष्टा नव्हे. एरवी महिन्यात दहा पडली तरी ती दिवसभर खूश असायची. खाली कोल्हापूरच्या कुणी लिहिलं होतं, 'शेवटच्या ओळीनं घाम फुटला.' नागपूरच्या कुणी लिहिलं होतं, 'ती ओळ वाचून फोन पालथा ठेवला.' आधी तिला बरंच वाटलं. कुणाला नाही वाटणार? पण बस भैरीदेवरकोप्पला थांबून पुन्हा निघाली तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आपल्या नोंदीची शेवटची ओळ घाम फोडणारी मुळीच नाही. ती ओळ 'पाहणी येथे थांबविण्यात आली' अशी आहे. मुद्दाम साधी ठेवलेली, दस्ताच्या शेवटी असते तशी. बोटानं पान सरकवत ती तळाशी गेली. ओळ होती जागच्या जागी. तिच्याखाली आणखी एक होती: 'कडी बाहेरून आहे.' इंदुमतीनं ती पुन्हा वाचली. शेजारची बाई कानडीत विचारत होती की नवनगर आलं का, आणि हिनं न बघताच नाही म्हटलं.

'चुकलेल्या जागा' हे त्या संकेतस्थळाचं नाव. मराठीत लिहिणारे दीड-दोनशे लोक, कोण नागपूरचा, कोण बेळगावचा, कोण पार अमेरिकेतला, सगळे मिळून जगात नसलेल्या जागांच्या नोंदी लिहितात. एक जिना, जो उतरताना सतरा पायऱ्यांचा आणि चढताना अठरा. एक टपाल कचेरी, जिथं तुम्ही अजून न लिहिलेली पत्रं परत आलेली असतात. भयकथाच त्या, पण भूत नाही, किंकाळी नाही. कुणी नवखा रक्तबिक्त घेऊन आला की लोक खाली मत देतात आणि दहा मतं खाली गेली की नोंद आपोआप उडते. कुणाचीही नोंद कुणीही सुधारू शकतो, फक्त का सुधारली ते एका लहान चौकटीत लिहावं लागतं, आणि आधीचं-नंतरचं सगळं 'इतिहास' नावाच्या पानावर तारीखवार राहतं, कधी पुसलं जात नाही. इंदुमतीला या नादी लावलं तिच्या लेकीनं, वेदश्रीनं. ती बेंगळुरात नोकरीला. "आई, तुझ्याएवढं कोरडं कुणी लिहीत नाही ग, बघ तरी," असं ती म्हणाली होती, आणि ते खरंच होतं. धारवाडात बाळाचार्य वकिलांच्या कचेरीत इंदुमती सव्वीस वर्षं जुन्या मराठी दस्तांचं कानडी करत आली. वाटण्या, गहाणखतं, चतुःसीमा. भीती विशेषणात नसते, मोजमापात असते, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. नवे लोक तिला विचारायचे, बाई, अंगावर काटा कसा आणायचा? ती लिहायची, काटा आणू नका, खोलीची लांबी-रुंदी द्या, आणि एकच आकडा चुकवा.

तिची ती नोंद 'मागची खोली'. दहा फूट बाय आठ. पूर्वेस स्वयंपाकघर, दक्षिणेस न्हाणी, उत्तरेस शेजाऱ्याची भिंत, पश्चिमेस हीच खोली. 'सायंकाळी सहाच्या सुमारास आतून विचारणा होते: आलीस का? उत्तर देऊ नये. उत्तर दिल्यास खोलीचे क्षेत्रफळ कमी होते.' वाचणाऱ्याला वाटावं, आत काहीतरी आहे. काय आहे कळू नये. बाहेर कोण आहे हे तर कुणाच्या मनातही येऊ नये. चार महिने नोंद अशी नीट उभी होती. आता त्या एका ओळीनं आतलं काहीतरी म्हणजे माणूस झालं होतं, आणि भिण्यासारखं जे काही होतं ते सगळं दाराच्या या बाजूला येऊन बसलं होतं. आणि ही ओळ जगात दोघांनाच ठाऊक होती. त्यातली एक ती स्वतः. इतिहासाचं पान उघडायची तशी गरज नव्हती, तरी तिनं उघडलं. मुकुल. काल दुपारी चार वाजून पाच मिनिटं. कारणाच्या चौकटीत: 'शेवट आवळला.' आवळला म्हणे! तिच्या तोंडात शिवी आली आणि तिनं ती गिळली.

आई तिच्या शेवटच्या दोन वर्षांत विसरायला लागली. गोदूबाई, एके काळी शाळेत बाई, चाळीस मुलींची नावं बापाच्या नावासकट पाठ असणारी. ती आधी वार विसरली, मग जावई वारला हे विसरली, मग इंदू कोण हे अधूनमधून. दिवसा सांभाळायला अळणावरकडची हिराबाई होती. सोन्यासारखी बाई, पण तिच्या सुनेचं बाळंतपण निघालं आणि ती गेली ती गेलीच. मग एक बाई आली, आठ दिवस टिकली. दुसरी तीन दिवस. तिसरीच्या वेळी आई उणकलच्या तळ्याकडं चालत गेली आणि सिटी बसच्या कंडक्टरनं तिला हात धरून बसवून ठेवलं, ओच्यात भिजलेली फुलं, पायात एकच चप्पल. दुसऱ्या दिवशी इंदुमतीनं सुताराला बोलावून मागच्या खोलीला बाहेरून कडी बसवली. खोलीला न्हाणी लागून होती, पाणी होतं, डब्यात दहीभात, उशाशी लहान बटणांचा फोन, खिडकीतून पेरूचं झाड. सकाळी सव्वानऊला लावायची, संध्याकाळी सहाला काढायची. अकरा महिने. शेजाऱ्यांनी विचारलं तर, झोपलीय. वेदश्रीनं फोनवर विचारलं तर, हिराबाई आहे की ग. हे खोटं तिनं इतक्या वेळा सांगितलं की हिराबाईच्या सुनेचं दुसरं बाळंतपणही तिनं मनानंच करून टाकलं होतं, मुलगा झाला म्हणून. दुसरं काय करायला हवं होतं, हे ती अजून स्वतःला विचारते. नोकरी सोडायची? खायचं काय? हे सगळं खरं आहे, आणि तरीही. संध्याकाळी चावी फिरवून घरात पाऊल टाकलं की मागून आवाज यायचा, आलीस का? आणि ती, देवा, कधी कधी ती उत्तर द्यायची नाही. आधी चहा ठेवायची. पाच मिनिटं, कधी दहा, स्वयंपाकघरात उभ्यानं चहा पीत राहायची, आणि आतून पुन्हा विचारणा व्हायची. वेदश्रीला आजी म्हणजे जीव की प्राण. तिला हे कळलं तर ती पुन्हा उणकलच्या घराची पायरी चढणार नाही, याविषयी इंदुमतीच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आणि वेदश्री 'चुकलेल्या जागा'वरची एकूणएक नोंद वाचते.

आता मुकुलला हे कसं ठाऊक, तर त्या संकेतस्थळाची एक रीत आहे. नोंद सगळ्यांसमोर ठेवण्याआधी ती एका माणसाला वाचायला द्यायची. त्याला म्हणायचं पहिला वाचक. तो पहिलं काय विचारतो, तर पोटातलं काय? म्हणजे लिहिणाऱ्याला ठाऊक आहे पण लिहिलेलं नाही, असं काय आहे? त्याला उत्तर नसलं तर नोंद पोकळ, परत घेऊन जा. उत्तर असलं तर पहिल्या वाचकानं ते ऐकायचं आणि विसरायचं. शपथ वगैरे नाही, पण आजवर ही रीत कुणी मोडली नव्हती. बहुतेक लोक पोटातलं रचूनच सांगतात, अहो गोष्टच ती. इंदुमतीलाही रचता आलं असतं. दस्तांत वाचलेल्या शंभर भानगडी तिला पाठ होत्या, एखादी चिकटवली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण मुकुल समोर बसला होता, तिच्याच घरी, बेसनाचा लाडू खात. तो रायापूरला राहतो, एका कॉलेजात संगणक शिकवतो, हुबळी-धारवाड या दोन गावांत मिळून 'चुकलेल्या जागा'वर लिहिणारे हे दोघंच. तिला अक्का म्हणतो. त्याची पहिली नोंद तिनं सात वेळा परत पाठवली होती आणि आठव्यांदा ती आली तेव्हा दोघांची फोनवर हसून हसून पुरेवाट झाली होती. असा मुलगा समोर बसून विचारतोय, अक्का, पोटातलं काय? ती उठली. मागच्या खोलीशी गेली. "समज, ही ती खोली," म्हणाली. "समज, कडी बाहेरून आहे." मुकुल आला, कडीला हात लावून पाहिला, सरकवून पाहिली, परत जाऊन खुर्चीवर बसला आणि उरलेला लाडू न खाता बशीत ठेवला. काही बोलला नाही. त्याच्या न बोलण्याचा इंदुमतीला केवढा आधार वाटला होता! आई गेल्यावर पहिल्यांदा ती त्या रात्री गाढ झोपली. पुढचे कितीतरी दिवस तिला वाटत राहिलं की कुणाला तरी सांगितलंय, आता आपण एकट्या नाही. मूर्ख बाई, असं ती आता बसमध्ये स्वतःला म्हणाली, जरा मोठ्यानंच, कारण शेजारणीनं वळून पाहिलं.

रायापूरला ती उतरली. बाळाचार्यांना फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं, मुकुलला फोन करून म्हणाली, थांब्यासमोरच्या चहाच्या दुकानात ये, आत्ता. तो पाच मिनिटांत आला, डोकं ओलं, तोंडभर हसू. "अक्का, बघितलंत ना? दोनशे होतील आजच्या आज!" तिनं नुसतं त्याच्याकडं पाहिलं. मग त्याचं हसू हळूहळू उतरलं आणि त्यानं दोन चहा सांगितले.

"पोटातलं बाहेर काढायचं नसतं, मुकुल."

"हौदु अक्का, खरंय, पण नोंद सगळ्यांची असते की. तुम्हीच म्हणता, शेवट सैल असेल तर आवळा, कुणाचाही असो."

"मला विचारलं असतंस."

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता."

"मग?"

तो चहाच्या ग्लासाच्या कडेवरून बोट फिरवत बसला. म्हणाला, "तुम्ही समज म्हणालात. समज ही ती खोली. मला काय ठाऊक खरं का रचलेलं?"

"हात लावून पाहिलास तू," इंदुमती म्हणाली. "उरलेला लाडू तसाच ठेवलास."

तेव्हा मात्र त्यानं मान वर केली, आणि इंदुमतीला वाटलं, आता हा माफी मागेल, आणि मागितली तर आपण काय करायचं? पण तो म्हणाला, "त्या दिवसापासून ती ओळ माझ्या डोक्यात होती, अक्का. चार महिने. दुसरं काही लिहिता येईना. एवढी चांगली ओळ अशी कुणाच्या पोटात कुजू द्यायची? इरली बिडरी, असू दे हो, तुमचं नाव कुठं आहे तिथं? गाव कुठं आहे? कुणाला काय कळणार आहे? मला एवढंच सांगा, नोंद चांगली झाली का नाही?"

हे मात्र त्यानं विचारायला नको होतं. रागानं तिचे कान तापले होते, या मुलाच्या तोंडावर चहा फेकावा असं खरोखर वाटत होतं, आणि त्याच वेळी तिच्यातली ती दुसरी, सव्वीस वर्षं दस्त वाचणारी, सात वेळा नोंद परत पाठवणारी, शांतपणे ती ओळ वाचत होती. तीन शब्द. विशेषण नाही. मोजमापासारखी. आधीच्या सगळ्या ओळी त्या एका ओळीनं फिरून उभ्या राहतात. हिला स्वतःला चार जन्म घेऊन ती लिहिता आली नसती, कारण ती जगलेली होती.

"झाली," ती म्हणाली. आणि उठून आली. चहा तसाच.

कचेरीत दिवस कसा गेला तिला कळलं नाही. जुन्या हुबळीतल्या एका घराची वाटणी समोर होती, तीन भावांची, सामायिक विहिरीवर कुणी कधी पाणी भरायचं त्याची कलमं. एरवी तिला असल्या कलमांत रस यायचा. आज प्रत्येक दारापाशी तिचं पेन अडत होतं, हे दार कुठल्या बाजूनं उघडतं हे दस्तात कुणी का लिहीत नाही म्हणून. तिला मुकुलचा राग येत होता आणि रागाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं, त्याला नाव देता येईना. तिनं त्याला तिची सगळ्यात वाईट गोष्ट दिली होती, आणि त्यानं तिच्यात तिचं दुःख पाहिलंच नव्हतं, शेवट पाहिला होता. बशीत ठेवलेला तो लाडू. तिला वाटलं होतं, पोराला घास उतरला नाही. घास कसला, तो ओळ घोळवत होता तोंडात. ती बाळाचार्यांना पाणी देऊन आली तेव्हा ते म्हणाले, "इंदूबाई, बरं नाही काय?" ती म्हणाली, "बरं आहे की." अकरा महिने असंच म्हणत होती, जीभ सरावली होती. मतं दोनशे चौदा झाली. कुणीतरी लिहिलं, 'या बाईंना दंडवत.' प्रत्येक नवं मत म्हणजे वेदश्रीच्या आणखी जवळ गेल्यासारखं तिला होत होतं. वेदश्री नोंदी रविवारी वाचते, आज गुरुवार. अजून वेळ होता. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता तिनं फोन उघडला, नोंद सुधारायला घेतली, ती ओळ निवडली आणि काढून टाकली. संकेतस्थळानं कारण विचारलं. चौकट रिकामी ठेवता येत नाही. बाहेर बाळाचार्य हाक मारत होते. तिनं एक शब्द टाकला आणि बटण दाबलं. पुन्हा 'पाहणी येथे थांबविण्यात आली', पुन्हा साधी, पुन्हा तिची. नोंद वाचून पाहिली तर ती आता अगदी मेली होती, पण इंदुमतीला श्वास घेता आला.

संध्याकाळी घरी आली, हातपाय धुतले, चहा टाकला, आणि चवळीच्या शेंगा मोडायला बसली तोच वेदश्रीचा फोन. गुरुवारी कधी करत नाही ती. इंदुमतीनं फोन कानाला लावून खांद्यानं धरला आणि शेंगा मोडत राहिली.

"आई, दुपारी जेवताना तुझी नोंद पुन्हा वाचली ग. मैत्रिणीनं पाठवली, सगळीकडं फिरतीय म्हणून. मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसले. रडले खूप."

"वेडी का काय! गोष्ट ती, त्यात रडायचं काय?"

मग वेदश्री म्हणाली, "मी तुला तेव्हाच फोन करणार होते. म्हणणार होते, लिहिलंस ते फार बरं केलंस. आता आपण बोलू या. पण म्हटलं जरा शांत होऊ. संध्याकाळी परत वाचावी म्हणून उघडली, तर ती ओळच नाही." तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "मग मी इतिहास बघितला. घातली त्या मुकुलनं. काढलीस तू."

इंदुमतीच्या हातातली शेंग अर्धी मोडून तशीच राहिली. म्हणजे हिला ठाऊक आहे. केव्हापासून? कुणी सांगितलं? मुकुलनं? नाही, मुकुल हिला ओळखतही नाही. तिनं तेच विचारलं, आणि विचारताना आपला आवाज वकिलाच्या कचेरीतल्यासारखा येतोय हे तिला कळत होतं.

"आजीनं. रोज दुपारी करायचे की मी तिला फोन, त्या लहान बटणांच्या फोनवर. तिला माझं नाव आठवायचं नाही, मला शाळेतली कुणी मुलगी समजायची. पण दार लावलंय हे रोज सांगायची."

"मग मला का नाही विचारलंस?"

"विचारत नव्हते?" वेदश्री म्हणाली. "दरवेळी विचारायचे, हिराबाई कशी आहे? दर फोनला, आई. म्हटलं, एक दिवस तू सांगशील. तू म्हणायचीस, मजेत आहे, सुनेला मुलगा झाला. मी पेढे मागितले होते तुझ्याकडं, आठवतंय?"

आठवत होतं. इंदुमतीनं बाजारातून पेढे आणून कुरिअरसुद्धा केले होते. ती काहीतरी म्हणायला गेली, नोकरीचं, तळ्याचं, एका चपलेचं, पण ते सगळं इतकं जुनं आणि इतकं पाठ झालेलं होतं की तोंडात आलं आणि तिथंच थांबलं.

"आज दुपारचे चार तास मला वाटलं, आईनं स्वतःहून सांगितलं," वेदश्री म्हणाली. "चारच तास. आणि कारण काय लिहिलंयस तू? अनावश्यक. आई, अनावश्यक?"

"अग, ते... वकील हाक मारत होते. काहीतरी लिहावं लागतं तिथं. घाईत लिहिलं ग मी, खरंच घाईत होते."

"आजीपण हेच म्हणायची," वेदश्री म्हणाली. "'घाईत असते ग आमची इंदू, म्हणून दार लावून जाते. तू तिला काही बोलू नकोस.'"